चहा कोणी ठेवायचा

"अजून चूल पेटलेली नाही त्यांची," आवडाबाई तंबूच्या फटीतून बघत म्हणाली. "ऊन डोक्यावर आलं. मुलाकडची माणसं उपाशी बसलीत, आणि यांना त्याचं काही आहे का?"

"पेटवतील गं," परशुराम म्हणाला. तो सकाळपासून तंबूच्या दोऱ्याच आवळत होता.

तंबू लष्करातला, जुना. लढाई संपल्यावर कल्याणच्या बाजारात असले तंबू स्वस्तात मिळायचे. परशुरामाने हौसेने आणला आणि घरी उलगडल्यावर कळलं की त्याला एक बाजूच नाही. तिथे आता आवडाबाईचं जुनं लुगडं बांधलं होतं. वारा आला की ते शिडासारखं फुगायचं.

कोपर गावातली चांगली सारवलेली ओसरी टाकून शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठी वाळूत झोपायचं, ही अक्कल राघोची. राघो सोयरिकी जमवायचा. ज्याला जे गोड लागेल तेच त्याच्या कानात घालणारा माणूस.

"पोहे खाऊन मुलगी बघायचे दिवस गेले, वहिनी," तो म्हणाला होता. "तिथे डोंगरात गुहा आहेत. माणसाला नांगर ठाऊक नव्हता तेव्हाच्या. पोरं गुहा बघतील, एकमेकांना बघतील. कल्याणची माणसं शेजारीच तंबू ठोकतील. तुम्ही फक्त लग्नाचा शब्द काढू नका. बोलणी मी आल्यावर."

कल्याणची माणसं आली होती. सहदेव, त्याची बायको रंगूबाई, मुलगी मालन आणि मुलगा दौलत. राघोचा तेवढा पत्ता नव्हता.

आवडाबाईने हे सगळं सोसलं ते रतनसाठी. पोरगा तिशीला टेकला होता. आधीच्या मुली तिनेच नाकारल्या होत्या. एकीकडे पाट उशिरा मांडला, एकीकडे विड्यात कात कमी. आता कोणी बोलावत नव्हतं.

"हे शेवटचं, आई," रतनने निघताना सांगितलं होतं. "यात मोडता घातलास तर मी पुन्हा मुलगी बघायला बसणार नाही." एरवी हो-नाहीपलीकडे न जाणारा मुलगा. तिने लगेच वळकटी बांधायला घेतली होती.

सकाळी नदीवर रंगूबाई भेटली, तेव्हा आवडाबाईने सुचवून पाहिलं होतं.

"पाणी गार आहे, नाही?"

"गार आहे खरं," रंगूबाई म्हणाली. "अशा वेळी चहा हवा."

"हवाच."

दोघी एकमेकींकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आपापली कळशी घेऊन परतल्या. चहा काही आला नाही.

"आपल्याकडे तांदूळ आहेत, सुकट आहे, स्टोव्ह आहे," परशुराम आता म्हणाला. "टाक ना भात. माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

"मुलाच्या आईने मुलीकडच्यांसमोर स्टोव्ह फुंकायचा? उद्या गावात तोंड कुठे दाखवू? पहिल्या दिवशी वाकलं की जन्मभर वाकावं लागतं."

शेवटी दोघांनी तंबूत पाठमोरं बसून चोरासारखा चिवडा खाल्ला. शेजारच्या तंबूतूनही कुरकुर ऐकू आली.

"ऐका! स्वतः खातायत!" आवडाबाईने कपाळावर हात मारला. "कसली माणसं ही!"

पोरं सकाळीच गुहा बघायला गेली होती. रतन, त्याची धाकटी बहीण हेमा, आणि पलीकडची दोघं. आवडाबाईने डब्यात भाकऱ्या दिल्या होत्या. हेमाला तेवढंच फिरायला मिळेल, म्हणून तिलाही पाठवलं होतं.

उन्हं कलली तशी चौघं परतली. मालन पदर खोचून पुढे, मागे रतन, आणि तो बोलत होता. हात हलवून, हसून बोलत होता. हेमाच्या पायात दौलतच्या ढगळ वहाणा होत्या, आणि दौलत अनवाणी. तिची चप्पल चढावर तुटली म्हणे. मुलीच्या भावाला वळण तरी चांगलं आहे, असं आवडाबाईला वाटलं.

रतन आत आला आणि त्याने तिच्या हातावर धारदार दगडाचा कपचा ठेवला. "त्या काळची सुरी आहे, आई. मालनला सापडली." मग मान खाली घालून म्हणाला, "मला पसंत आहे."

तेवढ्यात बाहेर खुंटा उपटल्याचा आवाज झाला. सहदेव तंबू सोडत होता. रंगूबाई फणकाऱ्याने वळकट्या बांधत होती.

"निघाले बघ," परशुराम म्हणाला. "घे आता तुझा मान पदरात बांधून!"

रतनने फक्त आईकडे पाहिलं.

आवडाबाईने स्टोव्ह ओढला आणि फराफरा पंप मारला. दूध होतं तेवढं ओतलं, आलं ठेचलं, साखरेला हात आखडला नाही.

"हेमा, केस नीट कर. कप-बश्या तू घे, मी किटली घेते."

मायलेकी वाळू तुडवत निघाल्या. झालं गेलं विसरा, पोरांकडे बघा, असं काहीतरी म्हणायचं, ती मनाशी जुळवत होती. मुलाच्या आईने एवढं वाकलेलं तिच्या गावात कोणी पाहिलं नसेल.

कप-बश्या बघून रंगूबाईने नवऱ्याला हाताने थांबवलं. ती उठली मात्र नाही. हेमाच्या हातून कप घेतला, एक घोट घेतला, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैलावला. मागे दौलत घाईघाईने सदऱ्याची गुंडी लावत होता.

"सुचलं म्हणायचं एकदाचं!" रंगूबाई आवडाबाईला म्हणाली. "मुलाकडच्यांनी वाट तरी किती बघायची, हो? सकाळपासून बसलोय." मग ती हेमाकडे वळली. "लाजू नको गं पोरी. अशी आमच्या दौलतसमोर बस, आणि नाव सांग."