रक्ताचे फ्रेझर

हेक्टर फ्रेझरच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. तो आमच्या खोऱ्यातल्या फ्रेझर मंडळाचा अध्यक्ष. "मास्तर, स्मरणिकेसाठी आपल्या आडनावाचा इतिहास लिहून द्या," असं त्याने कळवलं होतं. "फ्रान्समधून आलेलं उमरावांचं नाव! आणि इथे दर तिसऱ्या दारावर. एवढं अस्सल रक्त दुसऱ्या कुठल्या खोऱ्यात आहे?" खरं कारण मला ठाऊक होतं. पण जुन्या दप्तरातली यादी वाचण्यात माझीच चूक झाली असेल, असं म्हणत मी उत्तर टाळत राहिलो.

परवा बेकरीवाल्या इशबेलने सभासद होण्यासाठी अर्ज दिला. तिला लहानपणी एका फ्रेझर कुटुंबाने दत्तक घेतलेलं. हेक्टर भर सभेत हसला. "बाई, आडनाव लावलं म्हणून रक्त बदलतं होय? तू आपली पाव भाज."

"मास्तर, तुम्ही तरी बोला ना," इशबेल म्हणाली. मी चष्मा पुसत बसलो.

घरी येऊन मात्र उत्तर लिहिलं. "अध्यक्षमहाराज, पूर्वी इथल्या फ्रेझर सरदाराला लढायला माणसं कमी पडत होती. जो फ्रेझर आडनाव लावील, त्याला तो ओटच्या पिठाचं एक पोतं देई. म्हणून दर तिसरं दार फ्रेझरांचं. घेणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे. नववा माझा पूर्वज, दहावा तुमचा. तुमच्याने दोन पोती मागितली होती. इशबेल हेच आडनाव पीठ न घेता लावते. तिचा अर्ज पुन्हा वाचावा."

मूळ पत्र हेक्टरला आणि नक्कल स्मरणिकेच्या छापखान्याला, दोन्ही आज सकाळी पोस्टात टाकली.