लाल टॉवेल

अण्णांनी जन्मभर धक्क्यावर उभं राहून बोटींना निशाणं दाखवली, त्यामुळे फोनपेक्षा त्यांचा निशाणावर भरवसा जास्त. पाण्याकाठच्या त्यांच्या गल्लीपासून शहरातले काचेचे टॉवर हाकेच्या अंतरावर, आणि त्यातल्याच एकात त्यांचा मुलगा नोकरीला. गच्चीच्या कठड्यावर लाल टॉवेल दिसला तर म्हातारा ठणठणीत, नाही दिसला तर धावत यायचं, असं बापलेकांचं ठरलेलं.

"दिसतो ना रे टॉवेल?" अण्णा अधूनमधून फोनवर विचारायचे.

"दिसतो की! तो बघूनच तर कामाला बसतो," मुलगा म्हणायचा.

अण्णांनी अंथरूण धरलं तेव्हापासून शेजारच्या काकू न चुकता टॉवेल घालायच्या. एका सकाळी अण्णांनी त्यांना अडवलं. "आज राहू द्या. आज येऊ दे त्याला."

"अहो, मग मी फोनच करते ना."

"फोन कशाला? निशाण उतरलं की बोट वळतेच. येईल बघा."

दिवसभर त्यांचे डोळे दाराकडे लागले होते. संध्याकाळी ते मिटले.

सगळे विधी आटोपल्यावर काकूंनी मुलाला बाजूला घेतलं. "त्या दिवशी टॉवेल नव्हता रे कठड्यावर. तुझं लक्षच गेलं नाही का?"



मुलाची खुर्ची ऑफिसवाल्यांनी कधीचीच मागच्या बाजूला हलवली होती. तिथल्या खिडकीतून फक्त पार्किंग दिसायचं.