अंगात मुरलेला वास

तिने दार उघडलं, तेव्हा तो उंबऱ्याशी वाकून ओकत होता.

"सवय नसली की असंच होतं," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

कातडी कमावण्याच्या कारखान्यामागचं ते शेवटचं घर. पलीकडे चुन्याची कुंडं, मग नदी. आई गेल्यापासून ती इथं एकटीच राहत होती. नातेवाईक कार्याला बोलवत नसत. बोलावलंच तर पंगतीपासून लांब, अंगणाच्या टोकाला बसवत.

तो घटाघटा पाणी प्यायला, आत आला आणि त्याने स्वतःच दाराला कडी घातली.

"माझ्या अंगाला वास येतोय का? गुलाबाचा? खरं सांगा. त्याच वासात जन्म गेला, मला तो कळतच नाही आता."

सकाळीच गावात दवंडी फिरली होती. अत्तराच्या दुकानाच्या मालकाचा खून झाला होता. झटापटीत गुलाबाच्या अत्तराचा बुधला फुटून खुनी नोकर त्यात न्हाऊन निघाला होता. वेशीवर शिपाई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हुंगून मगच सोडत होते.

तिने ओरडायला हवं होतं. तिने त्याची बाही धरली आणि नाकाशी नेली.

"येतो. चांगला भपकारा येतोय. गल्लीच्या तोंडाशीच धरतील तुम्हाला."

"आणि इथं?"

"इथं या घाणीत कोण हुंगायला बसलंय? शिवाय माझ्याकडे येतंय कोण!"

तो राहिला. मागच्या खोलीत फळ्यांची एक आडभिंत होती, तिच्यामागे तिने त्याला अंथरूण घालून दिलं. कपडे चुलीत जाळले. डोक्यावरचे केस उतरवले. राखेने घासून घासून त्याची कातडी सोलवटली.

संध्याकाळी ती कामावरून आली की तो हात पुढे करायचा. ती मनगट दोन्ही हातांत घ्यायची, डोळे मिटून लांब श्वास ओढायची.

"गेला का?"

"अजून आहे."

"एवढं करून?"

"हाडात मुरलाय. घाई करू नका."

पाऊस आला आणि गेला. त्याने गळकं छप्पर शाकारलं, डुगडुगणाऱ्या पाटाला पाय बसवला. ती कारखान्यातल्या भांडणांच्या नकला करून दाखवायची, तो हसू दाबायला, पदराचं टोक नाही म्हणून, तोंडात उशी कोंबायचा. एवढं बोलणं तिच्या घरात कधी झालंच नव्हतं. एकदा आडभिंतीमागून तोच ओरडला, "अहो ताई, दूध करपतंय!" ती चुलीपाशीच बसली होती. दचकून उठली. "तुमच्या गप्पांत लक्षच राहत नाही माझं," ती म्हणाली. ताई म्हटलेलं तिच्या कानात दिवसभर राहिलं.

खुनाबद्दल तिने कधी विचारलं नाही. एके संध्याकाळी त्यानेच विषय काढला.

"मालक दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी तुला भागीदार करतो. मी वाट बघायचो. मग कळलं, दुकान कधीचंच जावयाच्या नावावर झालंय. ताई, त्याने मला मारलं असतं तरी मी सोसलं असतं. पण त्याने मला झुलवत ठेवलं. माझी वर्षं खाल्ली." तो ताटातल्या भाकरीकडे बघत होता. "डोकं ताब्यातच राहिलं नाही."

मग त्याने नेहमीसारखा हात पुढे केला.

ती जरा जास्त वेळ वाकून राहिली.

"अजून आहे," ती म्हणाली.

थंडी सुरू झाली तेव्हा हवालदार आला. नवा होता, नाकाला रुमाल लावलेला. सोबत कारखान्याचा मुकादम. पावलं वाजली तेव्हाच तिचा पाहुणा आडभिंतीमागे गेला होता. ती दारात उभी राहिली.

"बाई, या वस्तीत कधी गुलाबाच्या अत्तराचा वास आला? नदीवर, रस्त्यात, कुणाच्या अंगाला?"

"नाही, साहेब."

"नीट आठवा. तो माणूस साधा नाही. मालकाचा चेहरा ओळखू येत नव्हता, इतकं ठेचलं होतं त्याने."

एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. पण मग उद्या संध्याकाळी चूल पेटवून बोलायचं कुणाशी?

"नाही आला, साहेब. आला असता तर सांगितलं असतं."

हवालदाराने मान डोलावली आणि तो वळला. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मुकादम मात्र उंबऱ्यावरच थांबून हसायला लागला. कुंडांवरच्या माणसांना हाका मारून मारून मोठा झालेला त्याचा आवाज घरभर घुमला.

"तुम्हीपण कुणाला विचारताय, साहेब! सातव्या वर्षी ताप डोक्यात गेला हिच्या, तेव्हाच नाक मेलं. आख्खं अत्तराचं दुकान अंगावर ओतलंत तरी हिला वास म्हणून यायचा नाही!"