जन्मगाव

“काकूंना ठाण्यात बोलवलंय. चारच्या आत यायला पायजे,” हवालदार जोतीराम दारातूनच म्हणाला. समोरच्या ओट्यावर दोघीतिघी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघून तो तसाच माघारी वळला.

काकू म्हणजे नाथाजीची बायको, हरणाबाई. पंधरा दिवसांपूर्वी दिल्लीहून पत्र आलं होतं. बांगलादेशातून आलेली माणसं शोधा आणि केंद्राच्या पथकाच्या ताब्यात द्या. तेव्हापासून पलूस तालुक्यात पोलीस वीटभट्ट्यांवर, बेदाण्याच्या शेडांवर कागद तपासत फिरत होते.

बायको मेढ्याकडची आहे, तिला आईबाप नाहीत, असं नाथाजीनं चाळीस वर्षांपूर्वी गावाला सांगितलं होतं. हरणाबाई खरी पद्मा नदीच्या पलीकडची, बांगलादेशातली. एकाहत्तरच्या लढाईत आईच्या कडेवर बसून ती इकडं आली होती. नाथाजी सोनं गाळायच्या कामाला बंगालात होता, तिथं त्यांचं लग्न झालं. गावात आल्यावर तिनं आपल्या भाषेतला एक शब्द कधी तोंडातून काढला नाही. पोटच्या पोरांनाही ठाऊक नव्हतं.

नाथाजीनं रेशनकार्ड, आधार, मतदानाचं कार्ड पिशवीत भरलं. हरणाबाईनं त्यात एक जादा लुगडं ठेवलं.

ठाण्यात बाकावर बावीसएक वर्षांची पोरगी रडत बसली होती. नाव सबिना. सकाळीच तिला बेदाण्याच्या शेडवरून आणलं होतं.

“आधार कार्ड आहे, पण ते खरं की खोटं कळत नाही,” फौजदार क्षमा कुलकर्णी म्हणाल्या. “हिला हिंदी येत नाही, हिचं बोलणं आम्हाला समजत नाही. चारला पथक येईल. तोवर जबाब झाला नाही, तर मला हिला त्यांच्याकडं सोपवावं लागेल.”

“काकू, काय म्हणतीया ती, बघा की जरा,” जोतीराम हळूच म्हणाला.

नाथाजीनं बायकोचं कोपर दाबलं. मला काय कळतंय, एवढं म्हणून तिला घरी जाता आलं असतं. पोरगी हुंदके देत बंगालीत तेच तेच सांगत होती आणि हरणाबाईला ते कळत होतं. आठ महिन्यांचं लेकरू शेडवर आहे, सकाळपासून त्याच्या पोटात दूध नाही.

हरणाबाईनं कोपर सोडवून घेतलं आणि ती पोरीशेजारी जाऊन बसली.

“काँदिस ना, मा,” ती म्हणाली. रडू नकोस, पोरी.

मग तासभर दोघी बोलत राहिल्या. पोरगी मुर्शिदाबादची निघाली. गावातल्या मास्तरांचा नंबर तिला तोंडपाठ होता. हरणाबाईच फोनवर त्यांच्याशी बोलली. थोड्या वेळात शाळेच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो आले, त्यात तिची नोंद होती आणि तिच्या बापाचीही. क्षमाबाईंनी तिथल्या ठाण्यात फोन करून खात्री केली आणि साडेतीनला पथकाला कळवलं, महिला भारतीय आहे, येऊ नका. सबिना गाडीत बसून लेकराकडं गेली.

“दुभाष्याची सही लागेल,” क्षमाबाईंनी कागद पुढं ओढला. “काकू, तुमचं जन्मगाव?”

हरणाबाईनं नाथाजीकडं पाहिलं.

“मेढा लिवा, बाईसाहेब,” जोतीराम म्हणाला. “तालुका जावळी.”

क्षमाबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा हरणाबाईकडं. मग त्यांनी मेढा लिहिलं.

बाहेर आल्यावर नाथाजीनं जोतीरामला पायरीपाशी थांबवलं. त्यानं विचारलं, “जोतीराम, तुला कवापासनं ठावं हाय?”

“मलाच न्हवं, आख्ख्या आळीला ठावं हाय,” जोतीराम म्हणाला. “तुमच्या थोरल्या पोराच्या बाळंतपनाला काकू दोन दिस अडल्या हुत्या. त्यांच्या भाषेत आईला हाका मारत हुत्या. माझा बा एकाहत्तरला फौजेत तिकडंच हुता, त्यानं भाषा वळखली. सगळ्यांना बोलवून म्हणला, पोरगी लय लांबनं आलीया, तिला कुनी कायबी इचारायचं न्हाई.”