रद्द आराखडा

शेवटच्या सहीसाठी पडद्याकडे बोट नेताच ऋजुताच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. समोर शहरातल्या सगळ्या रुग्णालयांच्या संगणकव्यवस्थेचा मंजूर आराखडा होता. त्यात तिला एकही चूक दिसत नव्हती, तरी तो फाडून टाकावासा वाटत होता.

"कर गं सही, भूक लागलीय," शेजारचा मकरंद म्हणाला.

"मक्या, यावरून मी भांडले होते का रे?"

"मला कसं आठवणार? भांडारात एकच आवृत्ती आहे."

कंपनीच्या भांडारात प्रत्येक आराखडा आपापल्या कप्प्यात जाई. रद्द झालेला मात्र तिथून पुसला जाई, आणि मानेतल्या चकतीमार्फत सगळ्यांच्या डोक्यांतूनही, त्यावरच्या वादांसकट. दोन आवृत्त्यांचा घोळ नको, म्हणून. हा नियम ऋजुतानेच मोठ्या हौसेने लिहिला होता.

"आणि राग? तो कुठल्या कप्प्यात?"

"राग काय दस्तऐवज आहे?" मकरंद हसला.

"नाही ना! म्हणूनच तो उरलाय."

तेवढ्यात विभागप्रमुख दारातून ऋजुतावर ओरडले, "दाभोळकर, कारण सांगा, नाहीतर सही करा!"

"कारण तुम्ही पुसलंत, साहेब!" ती कडाडली. "एवढी आग माझ्या अंगाची फक्त कुणाच्या जिवावर बेतणार असलं की होते. ते काय होतं, हे सापडेपर्यंत सही नाही."

तिने मानेतली चकती उपटून टेबलावर आपटली आणि आराखडा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.