दुपारची शिफ्ट

निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांच्या पोरांसाठी सिस्टर फिलोमिनांचं पाळणाघर आहे. तिथे सेवेला येणाऱ्या धम्मदिनाने शेजारच्या लूमवाल्या शेठशी भांडून दुपारी तासभर लूम बंद ठेवायचं कबूल करून घेतलं. पोरांना जरा निवांत झोपू दे की!

प्रार्थना झाली, जेवणं झाली, पोरं झोपली. ठरल्याप्रमाणे लूम थांबले आणि सगळी पोरं दचकून उठली. एकच रडारड! जन्मल्यापासून तो खडखडाट हीच त्यांची अंगाई होती.

धम्मदिनाने ताट उपडं घातलं आणि ती त्यावर लूमच्या ठेक्यात डाव आपटायला लागली. खटाखट, खटाखट. एकेक डोळा मिटत गेला.

सिस्टरांनी कानाशी येऊन विचारलं, "शेठला लूम चालू करायला सांगू?"

धम्मदिना हात न थांबवता हसली. "राहू द्या, सिस्टर. ही शिफ्ट माझी."