वडिवांबाळच्या हातची ताली

वडिवांबाळ ओसरीवर बसून मिरासदाराच्या लेकीची ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, ओवत होती. हळदीचा दोरा, काळे मणी, मधे सोन्याचं पान. ती लहानपणीच देवाला वाहिलेली, आणि अशी बाई कधी विधवा होत नाही. तिचं भाग्य नवरीलाही लाभावं, म्हणून कुंभकोणमजवळच्या त्या गावात प्रत्येक नवरीची ताली तिच्याच हातची लागे.

समोर शिवभाग्यम अर्ज घेऊन बसली होती. देवळाला मुली वाहणं कायद्याने बंद करा, असा तो अर्ज. ती याच देवदासींच्या गल्लीतली. लग्न करून मद्रासला गेली आणि आता गावोगाव सभा घेत होती. वडिवांबाळने अंगठा उठवला की बाकीची घरंही उठवणार होती. मग शुक्रवारी तिला स्वतःची नऊ वर्षांची नात तैयल देवाला वाहता येणार नव्हती.

"आत्या, उठवा अंगठा."

"तुझं काय जातंय गं? तुम्ही सभावाल्या आपल्या ताल्या काढून फेकता, वर आमच्या मागे लागता! तुझी मी स्वतः ओवली होती. कुठे टाकलीस?"

"टाकली नाही, आत्या. हे गेले. लग्नाला तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती."

वडिवांबाळचा हात थांबला. "अगं, पण माझ्या हातची होती ती!"

"माझ्या ओळखीतल्या अशा आणखी सहाजणी आहेत."

"मला कुणी बोललं कसं नाही?"

"विधवा तुमची पायरी चढतात का कधी?"

लग्न ठरलं की सगळे म्हातारीकडे धावत यायचे, पुढचं कुणी सांगायला आलंच नव्हतं. कधी विधवा न होणं आणि या हाताची पुण्याई, तैयलला द्यायला तिच्यापाशी एवढी एकच मोठी गोष्ट होती. चार मणी उरले होते. तिने दोरा शिवभाग्यमपुढे धरला.

"घे, उरलेले तू ओव. कुणाच्या हातची, याने फरक पडत नाही ना?"

शिवभाग्यमने हात पुढे केला. मिरासदाराची लेक जेमतेम सोळाची होती, आणि हा हात विधवेचा. हजार माणसांपुढे न अडखळणाऱ्या त्या बाईने हात मागे घेतला. स्वतःचीच तिला भयंकर लाज वाटली.

वडिवांबाळने अपुरी ताली मांडीवर ठेवली.

"या हातात काही आहे की नाही, तुला कळत नाही, मला कळत नाही," ती म्हणाली. "आणि देवाला बांधायला निघालोय नऊ वर्षांच्या पोरीला."